तोवर काश्यप

गवारीचा भाव कडाडला की आमच्या घरात आनंद व्हायचा. बाकी गाव भाजीवाल्यांशी हुज्जत घालत असायचं आणि आई मात्र बाजारातून येताना जिन्यातूनच वर्दी द्यायची, "गवार महागली गं!" आवाजात असा हुरूप, जणू तिनेच ती पिकवली होती. कारण साधं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, रामकुंडावर तीर्थोपाध्याय. भाद्रपदाची पौर्णिमा उलटून पितृपक्ष लागला की इतरांच्या घरी गेलेल्या माणसांच्या आठवणी निघतात आणि आमच्या घरी हंगाम लागतो. निफाडच्या द्राक्षवाल्यांचा हंगाम थंडी ओसरताना, सटाण्याच्या कांदेवाल्यांचा उन्हात, आणि आमचा हा असा पावसाच्या शेपटावर, चिखलाच्या पावलांनी घरात येणारा. आई दारात पोतं टाकून ठेवायची आणि ते दिवसातून दोनदा पिळून वाळत घालायची.

परवा कॉलेजातून परतताना मखमलाबादकडून भाजी आणणाऱ्या मावशींच्या पाटीपुढे थांबले. मी इथल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि भाजी घेताना घासाघीस करणं हा माझा जोडधंदा आहे. गवारीचा भाव ऐकून मी सवयीने भुवया उडवल्या. "पित्रांचं दिस हायेत ताई," मावशी म्हणाल्या, "आता गवार लय भाव खानार. घ्यायची तर घ्या, नाय तर कावळ्याला काय सांगनार?" कावळ्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी मुकाट्याने गवार घेतली, लाल भोपळ्याची फोड घेतली, अळूची पानं घेतली. पिशवीतून त्या पानांचा ओला हिरवा वास आला आणि मला एकदम माझे तारे आठवले.

अळूच्या पानांवरून जिला तारे आठवतात ती बाई जरा सरकलेली असणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय मी पितृपक्षात मिळवलेला आहे. ज्या पंधरवड्यात लोक साधी चप्पलसुद्धा विकत घेत नाहीत, त्या पंधरवड्यात. याचं काय करायचं ते ज्योतिषी मंडळींनी ठरवावं. मला तर तेव्हापासून खीर-वड्यांचा वास आला की पेढे वाटावेसे वाटतात.

त्या वर्षी मी पुण्यातल्या पीएच.डी.च्या अगदी शेवटच्या टप्प्यात होते आणि लिहायला म्हणून नाशकात घरी येऊन राहिले होते. विषय होता खुले तारकागुच्छ. थंडीच्या दिवसांत डोक्यावर येणाऱ्या कृत्तिका तुम्ही पाहिल्या असतील, बारीक ताऱ्यांचा तो पुंजका. तसे कितीतरी पुंजके आकाशगंगेत विखुरलेले आहेत. वायूच्या आणि धुळीच्या एकाच ढगातून, एकाच सुमाराला जन्मलेले शेकडो तारे. सगळे एका वयाचे, सगळे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. फरक एवढाच की कुणी वजनदार, कुणी किरकोळ. 'खुले' अशासाठी म्हणायचं की घराला दारं-खिडक्या नाहीत. तारे हळूहळू पांगतात, एकेक करून निघून जातात. असा एखादा गुच्छ घ्यायचा, त्याचं वय काढायचं, अंतर काढायचं, वाटेतल्या धुळीने त्याचा प्रकाश किती तांबूस केलाय ते काढायचं, हे माझं काम.

माझ्या गुच्छाला नाव नव्हतं, नुसता यादीतला क्रमांक. सारथी तारकासमूहात त्याचं ठिकाण. भाद्रपदात तो रात्री उशिरा उगवतो, आणि भाद्रपदात नाशकात आभाळ तरी कुठे असतं? असते ती गोधडी. त्यामुळे मी माझा गुच्छ दिवसाउजेडी बघायचे, वरच्या खोलीत, पत्र्याखाली, लॅपटॉपवर. अवकाशातल्या दुर्बिणीने आधीच मोजून ठेवलेले आकडे मला पुरत होते. शेजारच्या कुसुमकाकूंना हे अजिबात पटायचं नाही. "तारे बघते म्हणे, आणि जेवणं झाली की दिवा बंद!" असं त्या आईला ऐकवायच्या. आई शांतपणे म्हणायची, "तिला दिवसा तारे दिसतात हो." पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, यात अतिशयोक्ती नाही.

ताऱ्यांचं वय काढतात कसं, हे मला रिक्षावाल्यापासून मामेबहिणीच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे, म्हणून इथेही सांगून टाकते. वजनदार तारा उधळ्या. इंधन भसाभसा जाळतो, निळा-पांढरा झगमगतो आणि लवकर आटोपतो. म्हातारपणी फुगून लाल होतो. किरकोळ तारा चिक्कू, तो युगानुयुगं मिणमिणत बसतो. आता कागदावर आडवा रंग आणि उभं तेज मांडलं की गुच्छातले तारे एका तिरक्या रेषेत उभे राहतात आणि वरच्या बाजूला ती रेषा एके ठिकाणी लालीकडे वळते. त्या वळणावर आत्ता थकायला लागलेले तारे असतात. गुच्छाचं वय वाढतं तसं वळण खाली खाली सरकतं. वळण कुठे आहे ते बघितलं की वय कळतं.

यात मेख एकच. आकाशात एका जागी दिसणारे सगळे तारे एका घरचे नसतात. कुणी पुढून चाललेला असतो, कुणी पार मागे. आधी घरचे कोण ते ठरवायचं, मगच घराचं वय काढायचं. आणि घरचे कोण हे ओळखण्याचं शिक्षण मला रामकुंडाच्या पायऱ्यांवर फुकटात मिळालं होतं. लहानपणी अण्णांची छत्री सांभाळत बसलेली असताना माझा एकटीचा एक खेळ चालायचा. समोरच्या गर्दीतून एक कुटुंब वेगळं काढायचं. कपड्यांवरून अंदाज चुकायचा, चेहऱ्यांवरूनही चुकायचा, पण चालण्यावरून सहसा चुकायचा नाही. एका घरची माणसं लांब लांब असली तरी एका चालीने चालतात. एकजण चप्पल शोधायला थांबला की पुढचे चौघे मागे न बघताच थबकतात. गुच्छातले तारेही असेच, एका दिशेने आणि एका वेगाने आकाशात सरकत असतात. हे सरकणं इतकं बारीक की जन्मभर बघून कळायचं नाही, पण दुर्बिणीला मोजता येतं. त्याला निजगती म्हणतात. जिची निजगती घरच्यांशी जुळली ती चांदणी घरची.

घाटावर अण्णांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. संकल्प सांगता सांगता ते थांबायचे आणि विचारायचे, "गोत्र?" कुणी चटकन सांगायचा. कुणी बायकोकडे बघायचा. कुणी ओल्या हाताने गावी फोन लावायचा. आणि कुणालाच माहीत नसलं की अण्णा म्हणायचे, "काश्यप." ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप म्हणायचं, अशी रीतच आहे. आमच्या घराचं गोत्रही काश्यप. त्यामुळे लहानपणी माझी पक्की समजूत होती की निम्मा महाराष्ट्र आपला भाऊबंद आहे. शाळेत बाईंनी जवळचे नातेवाईक लिहून आणायला सांगितले तेव्हा मी फार विचारात पडले होते.

तर तो पितृपक्ष. पाऊस जातो म्हणून निरोप घ्यायचा आणि पुन्हा छत्री विसरल्यासारखा परत यायचा. गोदावरीचं पाणी गढूळ, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी घोटाळणारं. घरभर ओल्या दर्भाचा आणि काळ्या तिळांचा वास. खाली स्वयंपाकघरात आईची खीर आटत असायची, आमसुलाची चटणी पाट्यावर वाटली जायची आणि वर माझ्या खोलीत मी नखं कुरतडत बसलेली असायचे.

कारण माझा निबंध परत आला होता. शास्त्रीय नियतकालिकात निबंध छापण्याआधी तो एका तज्ज्ञाकडे तपासायला जातो. त्याला आम्ही रेफरी म्हणतो, त्याचं नाव आपल्याला कधी कळत नाही, आणि ते बरंच आहे. या रेफरीने बाकी सगळं ठीक म्हणून एकच प्रश्न विचारला होता. तुमच्या गुच्छाचं वय ज्या सात तेजस्वी निळ्या ताऱ्यांवर उभं आहे, ते सात तारे त्याच गुच्छाचे आहेत हे कशावरून?

प्रश्न साधा होता आणि त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. गुच्छाचं वय मी काढलेलंच नव्हतं. ते माझ्या गाईडनी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मॅडम म्हणायचो त्यांनी, त्यांच्या तरुणपणी काढलं होतं. तरुण गुच्छ, वय काही कोटी वर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात हे म्हणजे रांगतं बाळ. जगातल्या सगळ्या याद्यांमध्ये तेच वय होतं. त्या वयाच्या खुंटीला मी माझी पाच वर्षं टांगली होती: अंतर, धूळ, वस्तुमान, सगळं. फिकट ताऱ्यांची रेषा त्या वयाशी नीट जुळत नव्हती हे मला दिसत होतं. मी त्याचा दोष वाटेतल्या धुळीवर ढकलून मोकळी झाले होते. धूळ बिचारी काही बोलत नाही. आता रेफरीला काय उत्तर द्यायचं? मॅडम म्हणाल्या म्हणून? दिवाळीच्या आत प्रबंध द्यायचा होता, मुदतवाढ एकदा मिळून संपली होती, आणि या निबंधावाचून प्रबंध म्हणजे खांबावाचून मांडव. वय चुकलं असेल तर माझं सगळं चुकलं होतं.

एका दुपारी आईने चहाचा थर्मास हातात दिला आणि घाटावर पिटाळलं. "बोटं खाऊन पोट भरत नाही," ती म्हणाली, "अण्णांना चहा देऊन ये, जरा वारं लागेल." पायऱ्यांवर पत्रावळींचा आणि छत्र्यांचा खच. अण्णांसमोर सटाण्याकडचे एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, रापलेला चेहरा, मागे दोन तरणेताठे मुलगे. वडिलांचं श्राद्ध होतं. अण्णांनी विचारलं, "गोत्र?"

गृहस्थांनी मान खाली घातली. मग मुलांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "गोत्र काय शे ते आमले माहीत नही, गुरुजी. बापनी कधी सांगंच नही."

"मग त्यात मान खाली घालायचं काय कारण?" अण्णा म्हणाले. "काश्यप म्हणा."

"मंग आम्ही काश्यप शेतस का?"

अण्णांनी पळी पंचपात्रात ठेवली. गर्दीच्या दिवसांत ते एवढंही थांबत नाहीत. "तोवर काश्यप," ते म्हणाले. "घरी गेलात की विचारा. एखादी आत्या असेल, म्हातारी चुलती असेल. बायकांच्या लक्षात राहतं. कळलं की पुढच्या वर्षी येऊन खरं ते सांगा. विचारायचं मात्र सोडू नका."

काश्यप हा शब्द मी अण्णांच्या तोंडून हजारदा ऐकला असेल. त्याच्या आधीचा 'तोवर' त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. थर्मास पायरीवर ठेवला आणि घराकडे अशी सुटले की अण्णांना वाटलं, दूध उतू जातंय. पेला मी घरीच विसरले होते. त्यांनी तो चहा थर्मासच्या झाकणातून प्यायला, असं नंतर तक्रारीच्या सुरात सांगितलं.

वर जाऊन मी ते सात तारे उघडले. दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाच्या पहिल्या यादीत त्यांची नोंद अर्धवट होती, म्हणून तेवढ्या सातांपुरते आम्ही सगळेच जुन्या यादीतले आकडे वापरत होतो. सातांच्या निजगती एकाखाली एक मांडल्या. पहिली, दुसरी, तिसरी. सगळ्या सारख्या. जवळपास सारख्या नव्हेत, दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत त्याच. सख्खी जुळी भावंडंसुद्धा इतकी एकसारखी चालत नाहीत. मग मी बाकीच्या गुच्छाची सरासरी काढली, आणि तीही नेमकी तीच निघाली. म्हणजे या सातांची गती कुणी मोजलीच नव्हती. रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्यात कुणीतरी घरच्यांची सरासरी भरून टाकली होती. सरासरी भरली की तारा आपोआप घरचा ठरणारच. सातांनाही काश्यप लावलं होतं आणि 'तोवर' म्हणायला विसरले होते.

अंगावर काटा आला. भीतीचा की आनंदाचा, हे तेव्हा कळलं नाही. उपग्रहाची नवी यादी नुकतीच आली होती आणि तिच्यात हे सातही तारे व्यवस्थित मोजलेले होते. पण नुसते सात उचलून भागणार नव्हतं. एकाचं गोत्र तपासायचं तर सगळ्यांचंच तपासायला हवं. पाच वर्षांचं काम पहिल्यापासून करायचं, दिवाळीच्या आत. माझा संशय खरा निघाला तर मॅडमनी काढलेलं वय खोटं, आणि काहीच निघालं नाही तर दिवस वाया. मी पदर खोचला. म्हणजे ओढणी खोचली.

पुढचे दिवस मला वासांनी आठवतात. सकाळी दर्भ, दुपारी तळणीतले वडे, संध्याकाळी गरम झालेल्या लॅपटॉपचा जळकट वास. अधूनमधून वीज जायची आणि मी मोबाईलच्या उजेडात कागदावर आकडेमोड करायचे. आई ताट घेऊन जिन्यात उभी राहायची. "जेवून घे गं, तारे काय पळून चाललेत?" "पळतायत आई, तेच तर मोजतेय." ती भाताचा घास माझ्या तोंडासमोर धरायची आणि मी पडद्यावरची नजर न काढता तो खायचे. बाहेर पत्र्यावर कावळा यायचा, मान वाकडी करून आत बघायचा. इतरांच्या घरी ज्याची वाट बघत ताटकळतात तो कावळा आमच्याकडे न बोलावता यायचा, कारण आई त्याला रोज पहिला वडा द्यायची.

सर्वपित्री अमावस्या. घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि घरात आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. भर दुपार. पाऊस थांबून पत्रा तापलेला. मी शेवटची आज्ञा दिली आणि आलेख हळूहळू उमटायला लागला. आधी खालचे फिकट तारे, भुरभुरलेल्या रांगोळीसारखे. मग त्यांची रेषा वर चढली, चढता चढता बारीक झाली, आणि आजवर जिथे नुसता गोंधळ दिसायचा तिथे, खूप खाली, ती सुरेख वळली. वळणाच्या पुढे उजवीकडे लाल ताऱ्यांचा लहानसा घोळका. त्यांना आजवर कुणी गुच्छात घेतलं नव्हतं. तरुण घरात म्हातारे कसे असतील, म्हणून त्यांना वाटसरू ठरवून बाहेर बसवलं होतं. आता त्यांची चाल घरच्यांशी तंतोतंत जुळत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांना उंबऱ्याबाहेर ठेवून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला पाटावर बसवलं होतं! आणि ते सात? सातांतले सहा आपापल्या वाटेने निघालेले, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले प्रवासी. माझा गुच्छ काही कोटींचा नव्हता. त्याने शंभर कोटी वर्षं केव्हाच ओलांडली होती. खुल्या गुच्छाला इतकं जगणं सोपं नसतं; बहुतेक घरं त्याआधीच पांगतात. हे घर टिकलं होतं.

मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. "आई, म्हातारा आहे! म्हातारा आहे!"

"कोण म्हातारा?" आईच्या हातातला वडा तेलात पडला. "कुठे आलाय? पाटावर बसव."

मी तिला पीठ लागलेल्या हातांसकट मिठी मारली आणि स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. तिला काही कळलं नव्हतं, पण ती माझ्याहून मोठ्याने हसत होती. तेवढ्यात कुसुमकाकू दारात. सर्वपित्रीच्या दिवशी उपाध्यांच्या घरात चाललेला हा नाच बघून त्यांनी जो चेहरा केला तो मी अजून विसरलेले नाही. त्यांना आईने वडा दिला. त्यांनी तो नाही म्हणत म्हणत घेतला.

आता उरला होता फोन. मॅडमचं वय मॅडमनाच खोटं आहे म्हणून सांगायचं. विजयाचा सगळा फुगा मोबाईल हातात घेताच बसला. मी देवघरापुढून दोन चकरा मारल्या, घसा खाकरला, नंबर लावला. आलेख आधीच पाठवला होता. मी सांगत गेले आणि पलीकडून नुसती माऊसची टिकटिक ऐकू येत राहिली.

"मॅडम?"

"थांब, बघतेय." मग, "सात तारे म्हणालीस ना? आठवतात मला. आमच्या वेळी फोटोच्या काचा होत्या गं. तेजस्वी तारे काचेवर नुसते डाग दिसायचे, भले मोठे. कडाच सापडेना, गती कशी मोजणार? मी त्यांना 'तूर्त सदस्य' म्हटलं होतं. तूर्त. मला पक्कं आठवतंय."

"पण यादीत तूर्त नाहीये, मॅडम. तिथे सरासरी भरलीय."

"काचांवरून संगणकात आलं तेव्हा गळलं असेल." आणि मग मॅडम हसायला लागल्या, अगदी खळखळून. "बघ की, माझं तूर्तापुरतं काढलेलं वय माझ्या केसांच्या रंगापेक्षा जास्त टिकलं! काळे होते तेव्हा लिहिलं होतं." हसू आवरून त्या म्हणाल्या, "लिही. जुनं वय चुकलं असं स्पष्ट लिही, माझं नाव घालून लिही. दुसऱ्या कुणी काढलं असतं ना, तर जिवाला लागलं असतं माझ्या. तू काढलंस. आज मी श्रीखंड आणणार आहे, पितृपक्ष गेला खड्ड्यात."

मी फोन ठेवला आणि रडले. आनंदाने रडतात असं नुसतं ऐकून होते, ते खरं असतं. एवढी वर्षं ज्यांच्यासारखं व्हावं असं वाटत होतं त्या नेमक्या कशामुळे मोठ्या आहेत, हे मला त्या दोन मिनिटांत समजलं.

रेफरीचं उत्तर नवरात्रात आलं. निबंध स्वीकारला होता. खाली एक ओळ जास्तीची होती, काम वाचून आनंद झाला अशा अर्थाची. रेफरी लोक असं सहसा लिहीत नाहीत. घरात घटाला झेंडूची माळ चढत होती, मी उरलेल्या झेंडूची एक माळ लॅपटॉपला घातली. दिवाळीच्या आधी प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला अण्णा पुण्याला आले. धोतर, उपरणं, टोपी, हातात तीच छत्री. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, सगळा रस्ता ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात उत्तरं घोकत होते. ते सभागृहात अगदी शेवटच्या रांगेत बसले. बाहेरच्या परीक्षकांनी बारीक बारीक प्रश्न विचारून शेवटी विचारलं, "सहा बाहेर काढलेत, ठीक. सातव्याला का ठेवलंत? तोही तसाच निळा, तसाच तेजस्वी. म्हाताऱ्या गुच्छात तो शोभत नाही."

"शोभत नाही," मी म्हणाले, "पण त्याची गती मोजली आहे आणि ती घरच्यांशी जुळते. अंतरही जुळतं. तो दिसतो तरुण, वय मात्र त्याचं घरच्यांइतकंच आहे. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेऊन तो ताजातवाना झालाय." आणि मग माझ्या तोंडून मराठीत निसटलं, "कलप लावलाय त्याने." परीक्षक मराठी होते आणि त्यांनीही लावलेला होता. मग ते स्वतःच इतके हसले की सभागृह हसलं, आणि त्यांनी उभं राहून माझा हात हातात घेतला.

बाहेर व्हरांड्यात अण्णा छत्री टेकून उभे होते. भोवती मॅडम, मित्रमैत्रिणी, पेढ्यांचा खोका. अण्णा व्याख्यानाबद्दल काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं, कारण अर्ध्याहून जास्त इंग्रजीत होतं; सातांना लावलेल्या काश्यपची गोष्ट तेवढी मी त्यांना घरी सांगितली होती. त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडून मला भरवला आणि म्हणाले, "म्हणजे सातांतला एक खरा काश्यप निघाला म्हण की." मॅडमना तो विनोद मला समजावून सांगावा लागला. समजल्यावर त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला, आणि अण्णा, ज्यांना आयुष्यभर लोक नमस्कार करत आले होते, ते लाजले.

पुढच्या भाद्रपदात सटाण्याचे ते गृहस्थ पुन्हा आले. गर्दीतून हात उंचावून लांबूनच ओरडत होते, "सापडनं गुरुजी, सापडनं! भारद्वाज!" कुठल्याशा आजारी आत्याला विचारायला दोघं मुलं दोन गावं पालथी घालून आली होती. अण्णांनी त्या वर्षीचा संकल्प नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात सांगितला. भारद्वाज म्हणताना ते जरा थांबले आणि माझ्याकडे बघून त्यांनी भुवई उचलली. मी तेव्हा चहाबरोबर पेलाही आणला होता.

आता माझ्या गुच्छाचं वय याद्यांमध्ये बदललं आहे. जगात कुठेही कुणी तो क्रमांक उघडला की नवं वय दिसतं. माझे विद्यार्थी तो आलेख काढायला शिकतात आणि एखाद्याने रिकाम्या रकान्यात सरासरी भरली की मी विचारते, "काश्यप लावलंस का?" त्यांना वाटतं, ही काहीतरी संगणकातली संज्ञा आहे. एकाने ती परीक्षेत लिहिलीसुद्धा. मी त्याला पूर्ण गुण दिले.

परवा अळूची पानं घेऊन पंचवटीत आई-अण्णांकडे गेले. आईने लगेच बेसन भिजवलं. अण्णांचे गुडघे आता कुरकुरतात, घाटावर ते फक्त सकाळी जातात आणि दुपारी खिडकीत बसून पायऱ्यांवरची वर्दळ बघतात. मी त्यांच्याशेजारी पानांच्या शिरा सोलत बसले. बाहेर पाऊस येऊ की जाऊ करत होता. बऱ्याच वर्षांपासून मनात असलेलं विचारलं.

"अण्णा, आपलं काश्यप खरं की लावलेलं?"

अण्णांनी एक पान उचलून उजेडाकडे धरलं. "आजोबा काश्यप म्हणायचे," ते म्हणाले. "त्यांचे आजोबाही तेच म्हणत असणार."

"आणि त्यांच्याही आधी कुणीतरी पहिल्यांदा या घाटावर आला असेल. त्याला कुणी विचारलं असेल, गोत्र? आणि त्याला माहीत नसेल तर?"

आई स्वयंपाकघरातून डोकावली. एवढी वर्षं ज्यांनी साऱ्या मुलखाला गोत्र विचारलं, त्यांना आज घरातच कुणी विचारत होतं. अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं. खाली एक कुटुंब पायऱ्या उतरत होतं, पाच-सहा माणसं, गर्दीत विखुरलेली. एकजण थांबला आणि बाकीचे मागे न बघता थांबले. अण्णांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, थेट डोळ्यांपर्यंत.

"तू मोजतेस ना?" ते म्हणाले. "मग मोज. तोवर काश्यप."